शेवंताचं खाकरणं

गुरुवार, संध्याकाळ. लोहारा.

आज आमच्या घरच्या प्रार्थनासभेत शेजारची शेवंता पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. वर्षभरापासून मी तिच्यासोबत बायबलचं वचन वाचून राह्यली, पण प्रार्थना कर म्हटलं की ती पदर तोंडाशी धरे. आज तिनं डोळे मिटले, दोनदा खाकरली अन् म्हणे, "हे बापा..." पुढचं साधंच होतं, लेकीच्या तापासाठी. मले भरून आलं.

पण ते खाकरणं काहून? चहा देताना विचारलं, "घसा बसला का वं?"

"नाही मावशी. तुम्ही करता न दरवेळी, तसंच केलं."

घ्या! माझा तर धुळीचा जुना खोकला. चर्चचे पाळक म्हणतात शिष्य घडवा, अन् मी हे घडवलं? हसू आलं, थोडा रागही. तिले खरं सांगणारच होती, तर तीच म्हणाली, "कोणाच्या घरात शिराच्या आधी खाकरतेच न माणूस. देवाच्या घरी एकदम कसं घुसाचं?"

मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

आत्ता जेवणाआधी मी एकटीच प्रार्थनेले बसली. घसा एकदम साफ होता. तरी दोनदा खाकरली, अन् दाराशी थांबावं तशी जराशी थांबली.