फिल्टरचा काटा

वडनेर, पौषातला रविवार, संध्याकाळ

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं शेतातल्या हौदाच्या काठावर बसलो होतो. विहिरीचं पाणी पाइपातून वाफाळत पडत होतं. वाफ बघून मी बिचकले, तर हे म्हणाले, "टाक पाय, घाबरू नको."

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आता ह्यांचा डावा पाय कोमट पाण्यातच जरा हलतो. म्हणून तर परसात छोटा तलाव बांधला, यंदा त्याचं पाणी तापवायला छतावर सोलर लावलं. तरी पाणी गारच. सोलर लावल्यापासून तलावाच्या फिल्टरवरचा दाबाचा काटा चढलेला दिसायचा. फिल्टर तुंबला असं समजून मी तो रोज धूत होते, त्यात तलावातलं पाणी वाहून जायचं, मग टाकीतलं गार पाणी भरायचं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली स्वच्छतेची सवय, दुसरं काय?

आज हे खुर्चीतून बघत होते.

"काऊन धुऊन राह्यली त्याले रोज?"

"काटा चढलाय ना."

"अवो, पानी छतावर चढून राह्यलं, जोर तं लागनच. सोलरचा कॉक बंद करून पाह्य बरं."

केला. काटा उतरून जुन्या जागी आला. म्हणजे फिल्टर स्वच्छच होता, तलाव मीच गार करत होते!

"वा रे कॉन्व्हेंट!" हे खूप दिवसांनी खळखळून हसले.

आता सोलर चालू असतानाच्या जागेहून काटा आणखी चढला, तरच धुवायचं, आणि ते पाणी लिंबाला द्यायचं. पहिलं कोमट पाणी ह्यांना. शेजारी काठावरची जागा माझी. आणि "टाक पाय, घाबरू नको" म्हणायचं कामही माझंच.