साउनातला सर्व्हर

इमात्रा, १४ नोव्हेंबर

प्रिय तुओमो,

बरा असशील. आम्हीही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, बर्फ काही टिकत नाही आणि चिखलाने जीव नकोसा केलाय. झालं कुशलमंगल.

आता तुझ्या लाडक्या सर्व्हरबद्दल. पत्रच लिहितेय, कारण तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस.

अरे, साउनाच्या कपडे बदलायच्या खोलीत कुणी सर्व्हर ठेवतं का? बाबा तेव्हाच ओरडले होते, "दर शनिवारी साउना तापला की इथे वाफ येते! सडेल ते!" तू म्हणालास, "मधलं दार बंद असतं, बाबा. तुम्हाला यातलं काय कळतं?" झालं, तेवढ्यावरून तू घर सोडून वासा शहरात निघून गेलास, ते आईच्या अंत्यविधीला आलास तेव्हाही कॉफी संपताच गाडी पकडलीस.

तर सांगायचं म्हणजे, ज्या डिस्कवरून तुझं लिनक्स सुरू होतं ती गेली. वाफेने तिची टोकं हिरवी पडली होती. मी नवी आणली. तो मुंगीएवढा स्क्रू बाकाच्या फटीत पडला, तो पोटावर झोपून चिमट्याने काढला. पेन ड्राइव्हवरून तुझं ते डेबियन लिनक्स दोनदा टाकलं, कारण पहिल्यांदा बाबांनी दिव्याचं समजून भलतंच बटण दाबलं. शेवटी मशीन सुरू झालं आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या.

पण जिथे सगळं साठवलंय त्या मोठ्या डिस्क उघडेनात! शहाण्या, त्यांना कुलूप घातलंस आणि किल्ली ठेवलीस त्याच मेलेल्या डिस्कवर. आता फक्त तुझ्या डोक्यातला पासवर्ड उरलाय. माझे हिशेब, सगळ्यांचे फोटो, सगळं आत अडकलंय.

आणि आईची गाणी. ती साउनात बसून गायची आणि तू बाहेरून रेकॉर्ड करायचास, ती. दुसरीकडे कुठेही नाहीत, मी सगळं शोधलं.

डिस्क गेल्यापासून बाबांनी साउना तापवलेला नाही. शनिवार आला की उगाच लाकडं फोडत बसतात. मला वाटलं होतं, "मी म्हटलं होतं ना!" असं ऐकवून आठवडाभर डोकं खातील. चकार शब्द नाही! शेवटी काल वैतागून मीच विचारलं, "बोला ना एकदाचं, तुमचंच खरं होतं म्हणून!" तर मान खाली घालून म्हणाले, "खरं त्याचंच होतं. दार बंद असतं तर काही झालं नसतं. ती गेल्यापासून मीच ते उघडं ठेवायचो. सर्व्हरवर तिची गाणी लावायचो, पण दार लावलं की वरच्या बाकावर ऐकू येत नव्हती."

"मग त्याला सांगा ना हे!" म्हटलं तर म्हणतात, "तू लिही."

तुम्ही दोघं मला वेड लावणार आहात. म्हणून लिहिलं.

पासवर्ड पाठवू नकोस, मी टाकणार नाही. शनिवारी ये आणि तुझ्या हाताने टाक. मग दोघं वरच्या बाकावर बसा आणि दार खुशाल उघडं ठेवा. डिस्क गेली तर मी पुन्हा बदलीन.

तुमच्या दोघांच्याही नावाने बोटं मोडणारी,
तुझी बहीण
हेलका