वळायला लागणारा वेळ

३ मार्च
इथल्या, युगांडातल्या तोरोरो गावच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. काचभांडी धुवायची, टेबलं पुसायची. खिडकीतून आपल्या गावामागचा मोठा खडक दिसतो. अदिकिनी म्हणाली, आई, तू आता डॉक्टरीण झालीस, घरी येऊन मला सुया टोचू नकोस हं. पोरीची शाळा संपेपर्यंत मी उभी राहिले की पुरे. माझे यजमान ओवोर माशी चावून होणाऱ्या झोपेच्या आजाराने गेले; त्यांच्या रक्तातले जंतू इथेच बर्फात ठेवलेत. त्यांचं काहीतरी जवळ राहील म्हणूनही इथे आले.

९ मार्च
ओच्वो इथला तंत्रज्ञ. दूरचा दीर लागतो. त्याने आज सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर जंतूंचा डीएनए दाखवला. जेलीत वीज सोडली की चमकणारे धागे एका टोकाकडे निघतात. लहान तुकडे सुळकन जातात. मोठे सापासारखे, आधी डोकं खुपसून. मग विजेची दिशा बदलतात. लहान लगेच वळतात. मोठे जेलीच्या जाळीत अडकतात, दुमडतात, हळूहळू सुटतात. ओच्वो म्हणाला, वहिनी, उंदीर घरी पोचून जेवतोसुद्धा, हत्ती अजून शेपूटच सोडवतोय! खूप हसले.
ओवोरही देहाने थोराड. शेवटी शेवटी हाक मारली की वळायला फार वेळ लावायचे. वळायचे मात्र.

१७ मार्च
आज ओवोरांच्या रक्तातले धागे लावले होते. दिशा बदलली, सगळे वळले. एक मोठा वळला नाही. त्याचं डोकं माझ्या बाजूला. बादली घेऊन पलीकडे गेले. पुसून होईतो त्याचं डोकंही तिकडे वळलेलं.
ओच्वोला सांगितलं. म्हणाला, वहिनी, तुमचा फडका हलला असेल.

२२ मार्च
वीज बंद होती. ओच्वोनेच तार काढली. मी डावीकडे सरकले. उशिरा, पण — वळला.
ओच्वो आता थट्टा करत नाही. माझ्याकडे बघत राहिला. दिवसा झोप येते का, विचारलं. म्हणाला, आजच रक्त तपासायला द्या, लवकर कळलं तर औषध आहे.
उद्या देते म्हटलं.

२५ मार्च
दुपारी नाचणीच्या उकडीचा घास हातातच राहिला. अदिकिनी म्हणाली, तीनदा हाक मारली, बहिरी झालीस का गं? एकदाही ऐकू आली नाही.
रक्त — उद्या.

२६ मार्च
स्टुलावरून उठले नाही. तो पडद्यावर लांब झालाय. दुमडलेला भाग सुटला. बाकीचे धागे कुठे —

मार्च
अदिकिनी इथे आली आहे. मागे उभी आहे. रडते. म्हणते, आई, इकडे बघ ना, माझ्याकडे बघ.
ऐकू येतंय, पोरी.
समोर पडद्यावर ओवोर. त्यांचं वळून झालं.
मी वळतेय गं. थांब जरा. मान — वळतेच आहे —