मेंढ्यांच्या मिठाचं आइस्क्रीम

प्रिय मोएकेत्सी,

मी आइस्क्रीम केलं. आपल्या मोखोत्लोंगच्या डोंगरात, ऐन जुलैच्या हिवाळ्यात, दारापर्यंत बर्फ साचलेला असताना! यंत्र नाही, फ्रीज नाही, वीज तर आपल्या वस्तीने अजून पाहिलेलीच नाही, तरी केलं. हस खुशाल. इथेही सगळे हसले होते, आणि आता तेच वाडगा घेऊन दारात उभे राहतात.

पण सुरुवातीपासून सांगते. तू खाणीवर परत गेलास तेव्हा तुझ्या बापाचा, आपल्या न्तातेंचा, घसा नुसता खवखवत होता. मग आत गळू झालं, पाठोपाठ बर्फाने रस्ता बंद झाला. नर्स नालेदी बर्फ तुडवत आली, घशात बॅटरी मारून पाहिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "रस्ता उघडला की हॉस्पिटलात हलवा. तोवर काहीही करा, पण पोटात पाणी आणि या गोळ्या गेल्याच पाहिजेत." जाणार कशा? घोड्यांच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकलेला तुझा बाप, पाण्याचा घोट दिसला तरी भिंतीकडे तोंड फिरवायचा. तुझी आई, म्मे, ज्वारीची गरम पेज भरवत बसायची, ती हनुवटीवरून ओघळून घोंगडीत मुरायची. एकदा त्यांनी दाराबाहेरच्या बर्फाकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. मी मूठभर आणायला उठले, तर तुझी आई कडाडली, "गारठा छातीत बसून जातील ते! तुम्हा खालच्या सपाट मुलखातल्या पोरींना थंडी म्हणजे काय ते कळतं तरी का?"

मी परत चुलीपाशी बसले, पण ते बोट डोळ्यांपुढून हलेना. थंड हवंय त्यांना. आणि नुसत्या बर्फात कसली ताकद? दूध हवं, अंडं हवं. तेव्हा माहेरच्या शाळेतल्या बाई आठवल्या. गारा पडल्या की त्या बादली घेऊन अंगणात धावायच्या आणि आम्हा मुलींकडून आइस्क्रीम करून घ्यायच्या. मी दूध आटवलं, साखर आणि अंड्याचा बलक घोटला, ते निववून दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि डबा बर्फाच्या बादलीत खुपसला. हात बधिर होईस्तोवर फिरवला. दूध गार झालं, पण दूधच राहिलं. मग डोक्यात लख्ख झालं: बाई गारांवर मीठ टाकायच्या! घरात मीठ चिमूटभर, पण गोठ्यात मेंढ्यांना चाटायला आणलेलं खडेमीठ पोतंभर. तेच फोडून बर्फात थरावर थर घातलं. या खेपेला घट्ट झालं, पण झाकण सैल होतं, खारं पाणी आत झिरपलं. शेजारच्या मा-म्पोईने चमचाभर चाखलं आणि अंगणात थुंकली. "अगं, हे मेंढ्यांनाच घाल. त्यांचंच मीठ आहे ना!" ती दिवसभर घरोघर सांगत फिरली.

घरातली शेवटची अंडी मी हाती घेतली. झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. घोंगडीचं टोक हाताला गुंडाळून डबा उलटसुलट फिरवत राहिले, मधून मधून झाकण पुसून उघडायचं, कडेला धरलेला थर लाकडी पळीने खरवडायचा, पुन्हा बांधायचं. पळी जड होत गेली. मग ती मधोमध उभीच राहिली, मोएकेत्सी! मी अंगणात एकटीच ओरडले.

दारात तुझी आई आडवी उभी. "हे आत जाणार नाही." लग्न झाल्यापासून मी तिला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "म्मे, तुमच्या पेजेने ते रोज थोडे थोडे चाललेत. हे खाऊन त्यांना काही झालं तर मला माहेरी धाडा, तुमच्या नातीला, लिनेओला, ठेवून घ्या." ती काही म्हणायच्या आत खोलीतून न्तातेंची काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. ती बाजूला झाली.

पहिला चमचा त्यांनी तोंडात नुसता धरून ठेवला. डोळे मिटले. मग कंठ हलला, खाली गेलं, आणि तुझा बाप घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अजून." पुढच्या चमच्यात मी गोळी कुटून घातली. तीही गेली. मग तेच चालू ठेवलं, सकाळ-संध्याकाळ, गोळ्या आणि आइस्क्रीम. एका दुपारी त्यांना जोराचा ठसका लागला, गळू फुटलं, पू नि रक्त, म्मेने तर हंबरडाच फोडला. पण ते तोंड धुऊन गाढ झोपले आणि उठल्यावर विचारलं, "घरात मटण आहे की सगळ्यांनी मिळून माझ्यावर उपासच लादलाय?"

आता बादली तुझ्या आईच्या ताब्यात आहे. मला हात लावू देत नाही. मा-म्पोईला परवा ऐकवत होती, "आमच्या सुनेने केलं ते. तुझी सून काय करते गं, नुसती चुलीपुढे बसते?" मी आत बसून ऐकलं, आणि हो, पुन्हा पुन्हा आठवून हसले.

हे सगळं पत्रात लिहायचं कारण, मोबाइलचा टॉवर बर्फाने आडवा झालाय आणि आजच रस्ता उघडलाय. दवाखान्याची गाडी खाली निघतेय, तिच्याबरोबर हे पाठवते. रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईने काबेलो ड्रायव्हरकडे तुझ्यासाठी निरोप दिला होता. मला नंतर कळलं. वडील गेल्यातच जमा आहेत, काळं कापड आणि शवपेटी घेऊनच ये, दफनाला तपकिरी बैल कापू, असा. तो निरोप खोटा ठरला, मोएकेत्सी! पेटी घेतली असलीस तर परत कर, पण रजा मिळाली असेल तर ये. बैल गोठ्यात रवंथ करतोय. ज्यांना पुरायला तू निघाला असशील, ते आत्ता फाटकाशी उन्हात उभे आहेत आणि तू अजून पोचला कसा नाहीस म्हणून मला ओरडतायत.

तुझीच,
मा-लिनेओ