पाचव्या दिवसाचं धुणं

कुस्को, ८ मार्च २०१४

ती. फोर्तुदादास,
सा. न. वि. वि.

माझ्या इलीला शाळेत घेतलं. एवढं आईला वाचून दाखव आणि पत्र घडी घालून खिशात ठेव. पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

मी तिथल्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालते म्हणून अर्ज तरी घेतला, नाहीतर फाटकावरूनच वाटेला लावलं असतं. अर्धे विषय स्पॅनिशमध्ये, अर्धे इंग्रजीत; परीक्षेचे पेपर तपासायला परदेशी जातात. दुपारी पोहणं, बुद्धिबळ, नाटक, व्हायोलिन. आपल्या बाईसाहेबांनी व्हायोलिन घेतलंय. सध्या घरात मांजर कोंडल्यासारखा आवाज येतो, पण मी कौतुकाने ऐकते.

मुलाखतीत विचारतात, मुलीला कोणी वाढवलं, घरात कुठली भाषा चालते. आमच्या आधीची बाई खरं बोलली, की घरात आजी आहे आणि ती आपली केचुआच बोलते. तिला गोड शब्दांत सांगितलं की तिसऱ्या भाषेने मूल गोंधळतं, पुढच्या वर्षी बघू. माझा धीरच सुटला. फॉर्मवर आजीच्या रकान्यात मी ‘हयात नाही’ असं लिहिलं. इलीलाही तेच सांगायला शिकवलं. 

आईला कळू देऊ नकोस. रागव हवा तेवढा, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
नेलिदा

उमाचाका, १६ मार्च

चि. नेलिदास,
अ. उ. आ.

लहानपणी शेळी हरवलीस तेव्हासुद्धा तू ती कोल्ह्याने नेली म्हणून सांगितलं होतंस. तेव्हा निदान शेळी होती. तू शहरात नोकरी शोधत वणवण फिरलीस ती चार वर्षं जी बाई तुझी पोर पाठीला बांधून शेतात राबली, तिला तू एका ओळीत पुरलंस. मला राग आला आणि पत्र चुलीत घातलं.

आई मात्र हवेत आहे. आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्यांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना सांगून आली, की नात आता परदेशी साहेबांसारखं बोलणार. बोलेना का. बोलली म्हणजे झालं. पोरीला एकदा घेऊन ये, आई रोज विचारते.

इथे फोन लागत नाही हे निमित्त करू नकोस. सेनोबियोची बस रोज येते, तिच्याबरोबर दोन ओळी पाठवत जा. आमची आठवण असू दे.

तुझा,
फोर्तुनातो

कुस्को, २९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुटीत येऊ शकले नाही, पोरीचे नाटकाचे सराव होते. आता दुसरंच उभं राहिलंय.

परवा शाळेत एका अंगाला इंग्रजीवाल्या बाई त्यांच्या भुतांच्या सणाचे भोपळे कोरणार आहेत आणि दुसऱ्या अंगाला स्पॅनिशवाल्या बाई मृतांचं टेबल मांडणार आहेत, आपल्याकडे पहिल्या नोव्हेंबरला मांडतो तसंच. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा आणि त्याच्यावर इंग्रजीत बोलायचं. फॉर्म त्याच बाईंकडे आहेत. त्यांनी इलीला सांगितलं, तू आजीचा आण.

पोरीने मला विचारलंसुद्धा नाही. तिच्या पहिल्या केस कापण्याच्या दिवशी काढलेला आपल्या आईचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि दप्तरात घातला. मी बघत राहिले. जिवंत माणसाचा फोटो त्या टेबलावर ठेवणं म्हणजे मरण बोलावणं, हे मला तू सांगायला नको. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पण आता खरं बोलले तर पोरीची जागाही जाईल आणि माझं कामही.

तू एवढंच कर, आईला या आठवड्यात कुस्कोला येऊ देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात आम्हीच येतो म्हणावं. एवढ्या वेळी पाठीशी राहा, पुढे काही मागणार नाही.

नेलिदा

उमाचाका, १ नोव्हेंबर

नेलिदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र सेनोबियोने काल दुपारी दिलं. आई पहाटेच्याच गाडीने गेली होती. इलीसाठी सणाची पावाची बाहुली भाजली होती आणि ती गरम असताना द्यायची म्हणून घरी न जाता थेट शाळेत गेली. फाटकावरचा पहारेकरी आपल्याच बाजूचा निघाला. टेबलासाठी पाव आणणारी बाई समजून त्याने तिला आत सोडलं.

तिने स्वतःला दोन मेणबत्त्यांच्या मधे पाहिलं. इली समोर उभी राहून इंग्रजीत बोलत होती. आईला शब्द एक कळला नाही, पण पोर बोलताना मधे छातीवर हात ठेवत होती तेवढं कळलं. इलीने तिला पाहिलं. आई म्हणते, पोर थांबली नाही, चुकली नाही, शेवटपर्यंत छान म्हणाली. मग आईने बाहुली आपल्याच फोटोपुढे ठेवली. बाईंनी पावाबद्दल आभार मानले. ती परत निघून आली.

मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही, मला वाटलं होतं ओरडेल. एवढंच म्हणाली, मेलेल्याचे कपडे पाचव्या दिवशी नदीवर धुतात आणि ते लेकीने धुवायचे असतात. बुधवारी सकाळी ये म्हणून सांगितलंय. ये बाई. आलीस तर रडून भांडून मिटेल. माझं ऐक.

फोर्तुनातो

कुस्को, ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी माझे हात धरले. इलीचं भाषण ऐकून त्यांना रडू आलं म्हणे, वर्षभरात असं कोणी बोललं नव्हतं. बुधवारी परदेशातून तपासणीला पाहुणे येताहेत, त्यांच्यापुढे इली तेच बोलणार आहे आणि मी पहिल्या रांगेत बसायचं आहे. मी हो म्हटलं. काय करू, तोंडातून तेच निघालं.

घरी इलीला विचारलं, आजीला पाहून थांबली का नाहीस. ती म्हणाली, तूच म्हणाली होतीस, ती नाही असं म्हणायचं. वर विचारते, मी बरोबर केलं ना. मला आडवं पडून राहावंसं वाटतं.

आईला सांग, बुधवार जमत नाही, गुरुवारी पहिल्या गाडीने येते. एका दिवसाने नदी काही आटत नाही. पाया पडते म्हणावं.

अभागी,
नेलिदा

उमाचाका, ५ नोव्हेंबर

नेलिदास,

तुझा निरोप आईला सांगितला, तरी ती पहाटे गाठोडं घेऊन नदीवर गेली. एकच घागरा अंगावर, बाकी सगळे गाठोड्यात. तुमची पहिली गाडी येते तिथला वळणाचा रस्ता नदीवरून दिसतो. दुपारपर्यंत बघत बसली. मी म्हटलं, मी धुतो. म्हणाली, मुलगे धूत नाहीत. मग स्वतःच पाण्यात उतरली आणि आपले कपडे आपणच धुतले. काठावर गावातल्या बायका उभ्या होत्या, कोणी पुढे झाली नाही. कोण होईल.

वाळल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे वाटून टाकले. निळी शाल तरी इलीला राहू दे, आठवण म्हणून, असं मी म्हटलं. तर म्हणाली, तिला कशाला, मी तिला पाठ आहे.

उद्या येऊ नकोस.

फोर्तुनातो