आप्पासाहेबांचं घमेलं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत सोफ्यामागे! बाल्कनीच्या दाराशी ठेवलेलं नवं कोरं प्लॅस्टिकचं घमेलं तसंच स्वच्छ. आप्पासाहेब शेजारी बसून तोंड हलवतायत — जणू मीच केलं.

आप्पासाहेब म्हणजे कल्याणीचा ससा. लेक नोकरीला हैदराबादला गेली आणि हे ध्यान आमच्या पदरात टाकून गेली. "आई, त्याला कोंडायचं नाही हं, तो घरभर फिरतो." फिरतो. आणि फिरेल तिथे लेंड्या! तिकडे तिच्याबरोबर राहणारी दीपाली म्हणते, ससा आणायला हरकत नाही, पण एका जागी जायला शिकलेला हवा. रास्त आहे. २१ तारखेला कल्याणी त्याला न्यायला येतेय. तोवर शिकवायचं काम माझं. जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला मी! पण ती पोरं निदान "बाई, जाऊ का?" विचारायची.

हे म्हणाले, "खडकवासल्याला सोडून येऊ. गवत आहे, पाणी आहे." ह्यांना ससा घरात नकोच होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "आजी, जागा ससा ठरवतो. आपण फक्त घमेलं तिथे न्यायचं." आजी! असो. सोफा पुढे ओढला, मागे घमेलं ठेवलं. आत फाडलेला पेपर, एका कडेला सुकं गवत — खाता खाताच उरकतात म्हणे. लघवी पुसलेला बोळाही आत टाकला, वास ओळखीचा वाटावा म्हणून.

पेपर ह्यांचा होता. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं. जेवणापर्यंत अबोला.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेला! घमेल्यात गेला! मी टाळ्या वाजवल्या तर घाबरून टीपॉयखाली पळाला. आता मनातल्या मनात टाळ्या.

संध्याकाळी कल्याणीचा व्हिडिओ कॉल. हल्ली रोज करते. "बाबा, फोन खाली धरा ना, कान दिसत नाहीयेत त्याचे." हे गुडघ्यांवर, फोन जमिनीलगत. आम्हाला "जेवलात का?" एवढंच. गप्पा सगळ्या सशाशी.

११ फेब्रुवारी, बुधवार

सगळं घमेल्यात. सगळं!!

१४ फेब्रुवारी, शनिवार

मेथी आणायला मंडईत गेले. येऊन बघते तर टीव्हीखाली लेंड्या! हे दारातच उभे. "बघ. म्हटलं नव्हतं? हा शिकणाऱ्यातला नाही." आवाजात केवढा उत्साह!

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी डोळा लागला तेवढ्यात परत तेच. ह्या वेळी चपलांच्या स्टँडपाशी. मी जागी असले की साहेब शिस्तीत, आणि पाठ वळली की हे! एका लेंडीला शब्दकोड्याचा कपटा चिकटलेला. पायाला लागून आला असेल.

कल्याणी हिरमुसली. "नाहीच जमलं तर राहू दे तुमच्याकडे, आई. दीपाली ऐकायची नाही." म्हटलं, जमणार! माझ्या वर्गात कोणी नापास झालेलं नाही अजून.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने हॉलमध्ये खुडबुड. दार किलकिलं केलं.

ससा पंख्याखाली तंगड्या पसरून गाढ झोपलेला. आणि हे — भाजीची पिशवी उचलायला ज्यांचे गुडघे दुखतात ते — घमेल्यापाशी उकिडवे! लेंड्या वेचून चमच्यात घेत होते. माझ्या मोरांब्याच्या चमच्यात! मग पाय न वाजवता टीव्हीपाशी गेले. एक इकडे, दोन तिकडे. जरा मागे सरून बघितलं. एक लेंडी थोडी डावीकडे सरकवली.

मी परत येऊन पडले. तोंडावर पांघरूण ओढून हसले. पण कळेना. ससा नको आहे ना? मग शिकू द्यावा. शिकला की जाईलच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तो चमचा ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. चहावर साय धरली.

मग म्हणाले, "रविवारी ती त्याला घेऊन जाईल. मग रोज फोन कोणाला बघायला करील?"

"आपल्याला," मी म्हटलं.

"आधी करायची?"

आधी रविवारचा एक फोन यायचा. तोही भाजी चिरता चिरता. "बरंय ना सगळं? ठेवते." मी उठून चमचा टाकून दिला.

संध्याकाळी फोन आला. हे गुडघ्यांवर बसले. आज मीही बसले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कल्याणी आली. घमेलं बघून गळ्यातच पडली — "आई, शिकवलंस की गं!"

दुपारी ती आणि हे झोपले होते, तेव्हा मी टीव्हीखाली थोड्या लेंड्या टाकल्या. कपटे नीट झटकून.