व्हायोलिनवाल्या मुलीची फिल्म

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

आमच्या संस्थेसाठी व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मुलीवर छोटी फिल्म करत होते. साहेबांनी बजावलं होतं, "तिला तिचे वडील गेल्याचं विचार. ती रडली की देणग्या येतात."

कॅमेरा लावला, तर तीच म्हणाली, "ताई, आधी वाजवते हं. मागच्या वेळी शूटिंगवाल्यांनी आधी रडवलं, मग बोटंच थरथरायला लागली."

मी तो प्रश्न विचारलाच नाही. तिने वाजवलं, मध्येच चुकली, स्वतःशीच हसली. तेवढंच पाठवून दिलं. साहेबांचा अजून फोन नाही.

नोकरी राहते की जाते, ते बाबांना एवढ्यात बोलू नकोस. पोरगी फार सुरेख वाजवते, एवढंच सांग.

तुझीच,
थोरली